साडेसोळा हजारांचा क्लास आणि शनिवारचे काका : महापालिकेच्या विधी विभागात नोकरी लागावी म्हणून लावलेल्या क्लासचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी अडीच. आणि ते अडीचच्या अडीच शनिवारी शिकवायला यायचे त्या काकांचे आहेत, बाकीच्या क्लासला शून्य, एवढंच की पाणी गार असायचं आणि लेडीज टॉयलेटला कडी होती, नाशिकमधल्या क्लासेसचा अनुभव असणाऱ्या बायकांना ही किती मोठी गोष्ट आहे ते कळेल.

क्लासचं नाव टाकत नाहीये. माझ्या एका मैत्रिणीने मागे दुसऱ्या एका क्लासबद्दल नावानिशी लिहिलं होतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिला फोन, मॅडम तुम्ही असं कसं लिहिता, मग संध्याकाळी परत फोन. मला पोरीला शाळेत सोडायचं असतं सकाळी, मला ते नको. आणि खरं सांगायचं तर नावाने फरकही पडत नाही, गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत असे क्लास गल्लोगल्ली आहेत, बोर्ड वेगळे आणि आतल्या झेरॉक्स त्याच.

मी कोण ते थोडक्यात. तीन वर्षांचं एलएलबी केलं, वकिलीची सनद आली, बार कौन्सिलची परीक्षा झाली आणि मग चार वर्षं सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात एका सिनियरकडे ज्युनियर. ज्युनियर म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, तारीख मागायची, पुकारा झाला की पळायचं, सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत म्हणून पासओव्हर मागायचा, म्हणजे आमची केस थोड्या वेळाने घ्या म्हणायचं, आणि महिन्याच्या शेवटी सहा हजार, तेही आठवण केली तर. मिस्टर अंबडला कंपनीत, घराचा हप्ता, पोरगी शिशुवर्गात. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, तुझ्या रिक्षाचा खर्च तरी निघतो का गं त्याच्यात. त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. म्हणून जास्त लागलं.

त्याच आठवड्यात अशोक स्तंभाजवळ एका खांबावर फ्लेक्स दिसला, विधी अधिकारी, विधी सहाय्यक, विधी लिपिक, महापालिका नगरपरिषद जिल्हा परिषद, ५ महिन्यांत १०० टक्के तयारी, जॉब असिस्टन्स. मला आवडलं ते जॉब असिस्टन्स. गेले डेमोला.

डेमोला सरांनी प्रोजेक्टरवर कुणाची तरी पगाराची स्लिप लावली. नाव काळं केलेलं, आकडा पिवळ्या मार्करने रंगवलेला. वीस मिनिटं स्लिप, दहा मिनिटं पेन्शनचे दोन प्रकार, पाच मिनिटं सुट्ट्या. पूर्ण डेमोत विधी विभागात सकाळी साडेनऊ-दहाला जाऊन माणूस नेमकं करतो काय, यावर एक वाक्य नाही. तेव्हा मला ते खटकलं नाही, मला पण स्लिपच बघायची होती ना. साडेसोळा हजार फी, दोन हप्ते, पावती कच्ची.

आता जे डेमोत सांगायला पाहिजे होतं ते मी इथे सांगते, म्हणजे निदान तुमचे पैसे डोळे उघडे ठेवून जातील.

पहिलं म्हणजे पदं मूठभर असतात. एका महापालिकेत लिपिकांची शेकड्याने पदं असतील तर विधी विभागाची बोटावर मोजण्याएवढी. आपल्या नाशिक महापालिकेत तर आस्थापना खर्च, म्हणजे पगाराबिगाराचा, ३५ टक्क्यांच्या मर्यादेच्या वर गेल्यामुळे भरती कशी वर्षानुवर्षं अडकली ते पेपरात इतक्यांदा छापून आलंय की रिक्षावाला पण सांगेल. म्हणजे आपल्या महापालिकेच्या राजीव गांधी भवनकडे बघत बसलात तर म्हातारे व्हाल, फॉर्म बाहेरचेही भरावे लागतात. पिंपरी-चिंचवडच्या २०२२ च्या भरतीत विधी अधिकारी आणि कोर्ट लिपिक अशी दोन्ही पदं होती, तशी जाहिरात कुठे आली की झडप घालायची. आणि प्रत्येक फॉर्मला खुल्या वर्गाला हजार रुपये आणि राखीवला नऊशे, हे बहुतेक ठिकाणी असंच, वर्षात सहा फॉर्म भरले की झाला का क्लासचा तिसरा हप्ता.

दुसरं, एलएलबी नसलं तरी दार बंद नाही, आणि हे क्लासवाले मुद्दाम नीट सांगत नाहीत कारण मग लोक महागडी बॅच घेत नाहीत. विधी अधिकाऱ्याला कायद्याची पदवी लागते आणि बहुतेक जाहिरातींत वकिलीचा किंवा तशा कामाचा अनुभव पण मागतात. पण त्या विभागात बसून फाईल चालवणारा जो माणूस असतो तो कितीतरी ठिकाणी साधा कनिष्ठ लिपिक असतो, कुठलीही पदवी, एमएससीआयटी, मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द नाहीतर इंग्रजी ४०, वेतनस्तर एस-६ म्हणजे १९,९०० ते ६३,२००. वय खुल्याला ३८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. छोट्या नगरपरिषदांत तर वेगळा विधी विभाग असा काही नसतोच, सिन्नर, येवला, मनमाड, इगतपुरी, भगूर कुठेही जा, कोर्टाचं काम ज्याच्या टेबलावर टाकलंय तो विधी विभाग. जिल्ह्यात महापालिका दोन, नाशिक आणि मालेगाव, मग नगरपरिषदा, नगरपंचायती, जिल्हा परिषद, पंधरा तालुक्यांच्या पंचायत समित्या, तेराशेच्या वर ग्रामपंचायती. या सगळ्यांवर दावे होतात. आणि प्रत्येक दाव्याची फाईल कुणीतरी सांभाळत असतं.

तिसरं, आमच्यासारख्या सनदवाल्यांसाठी. पूर्णवेळ पगारी नोकरी लागली की वकिली चालू ठेवता येत नाही, बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते. पॅनलवरचे वकील वेगळे, ते नोकर नसतात, त्यांना केसप्रमाणे फी मिळते. माझ्या बॅचमधल्या एका पोराला हे चौथ्या महिन्यात समजलं तेव्हा तो जिन्यात बसून राहिला होता, घरी त्याने दोन्ही करेन असं सांगितलेलं.

आता क्लासबद्दल. चाळीसची बॅच म्हणाले होते, आम्ही सत्तर होतो. मागच्या तीन रांगांना फळा दिसायचा नाही, दिसायचं ते पुढच्याचं डोकं. एसी होता पण रिमोट सरांच्या केबिनमध्ये. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, मराठी व्याकरण, इंग्रजी, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, आणि कायदा म्हणून जे काही होतं ते. परीक्षा साधारण १०० प्रश्न २०० गुणांची असते, टीसीएस नाहीतर आयबीपीएस अशी बाहेरची संस्था घेते, त्यामुळे व्याकरण आणि बुद्धिमत्ता सोडून चालत नाही हे मान्य. मराठीचे सर चांगले होते, समास त्यांनी असा शिकवला की मी भाजी निवडताना पण समास सोडवायचे. पण कायद्याच्या नोट्स! मी जानेवारी २०२५ ला क्लास सुरू केला. नवे फौजदारी कायदे लागू झाले १ जुलै २०२४ ला. आणि नोट्समध्ये भारतीय दंड संहिता जशीच्या तशी, शासकीय कर्मचाऱ्यावर हल्ला कलम ३५३. अहो ते आता भारतीय न्याय संहितेचं १३२ झालं. अतिक्रमण पथकावर दगड पडला की पहिलं हेच कलम लागतं, म्हणजे या नोकरीत रोजचं, आणि तेच जुनं. मी हात वर करून सांगितलं तर सर म्हणाले, मॅडम परीक्षेला दोन्ही विचारतात, दोन्ही पाठ करा. सत्तर जण वहीत दोन्ही लिहून घ्यायला लागले. मी फी परत मागितली त्या आठवड्यात, तर ‘फी परत मिळणार नाही’ ही ओळ कच्च्या पावतीच्या मागे छापलेली निघाली. पावती कच्ची पण अट पक्की.

टेस्ट सिरीज ऑनलाइन होती, अर्ध्या वेळा लॉगिन व्हायची नाही. जॉब असिस्टन्स म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप, ज्यात जाहिरातींच्या पीडीएफ पडायच्या, ज्या गूगलवर पण पडतात. टायपिंग मी वेगळं केलं, टायपिंगवाल्या ताईंकडे, परीक्षा परिषदेचं सर्टिफिकेट, मराठी ३०, तिथे एक पैसा वाया गेला नाही, बोटं दुखली तेवढीच.

मग शनिवार.

शनिवारी दुपारी तीन ते पाच ‘प्रॅक्टिकल ओरिएंटेशन’ असं टाइमटेबलमध्ये होतं, पहिल्या शनिवारी सत्तरपैकी एकतीस जण आले, कारण परीक्षेला येणार नाही असं सरांनीच सांगून ठेवलेलं. एक काका आले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल, हातात कापडी पिशवी. एका महापालिकेच्या विधी विभागातून निवृत्त, लिपिक म्हणून लागले आणि लिपिकांतलेच वरचे होऊन सुटले, अधिकारी कधी झाले नाहीत. आल्या आल्या पिशवीतून एक फाईल काढली, म्हणजे शिकवायला बनवलेली खोटी फाईल, पण नाडी बांधलेली, डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, पानांना नंबर टाकलेले, आणि म्हणाले, ही सोडा. पहिल्या बाकावरच्या मुलाने नाडी ओढली तर गाठ पडली. काका म्हणाले, साहेबांसमोर अशी गाठ पडली ना की साहेब फाईल वाचत नाहीत, तुम्हाला वाचतात. असे आठ शनिवार.

एक शनिवार मला अजून पाठ आहे, तो सांगते कारण क्लासचे पैसे कुठे वसूल झाले ते त्याच्यातूनच कळेल. काकांनी आम्हाला एक दावा दिला, बनवलेला. एक दुकानदार, इमारतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे भोवती मोकळी सोडायची असते त्या जागेत, पत्र्याचं शेड टाकलंय, महापालिकेने नोटीस दिली, तो कोर्टात गेला मनाई हुकूम मागायला. अकरा परिच्छेदांचा दावा. आता असा दावा आला की विधी विभाग तो संबंधित खात्याला पाठवतो आणि परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवतो, ऑफिसात त्याला सगळे पॅरावाइजच म्हणतात, त्यावरून पॅनलचे वकील कैफियत, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी उत्तर, तयार करतात. खात्याकडून पॅरावाइज येतो तो बहुतेक वेळा असा येतो की वकिलाने डोकं आपटावं, म्हणून विधी विभागातल्या माणसाला तो तपासता आला पाहिजे, वेळ पडली तर खात्यातल्या माणसाच्या शेजारी बसून लिहून घेता आला पाहिजे. काका म्हणाले, लिहा.

आम्ही एकतीस जणांनी लिहिलं. एकतीसच्या एकतीस जणांनी, मी चार वर्षं कोर्टात घालवलेली वकील पण त्यात आले, प्रत्येक परिच्छेदाला एकच लिहिलं, ‘सदर परिच्छेदातील मजकूर खरा नाही व मान्य नाही.’ काका एकेक कागद बघत गेले, काही बोलले नाहीत, सगळे गोळा केले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि परत वाटले. म्हणाले, परिच्छेद पाच वाचा. पाचमध्ये वादी म्हणत होता की तो १९९८ पासून त्या दुकानाची घरपट्टी नियमित भरतो.

‘हे खोटं आहे असं तुम्ही लिहिलंत. पावती कुणी दिली त्याला?’

कुणी बोलेना.

‘आपणच दिली ना. आपल्याच विविध कर विभागाने. उद्या समोरचा वकील पावती काढेल, न्यायाधीश आपल्या वकिलाकडे बघतील, वकील आपल्या साहेबांकडे, आणि साहेब?’ मग त्यांनी आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

फळ्यावर त्यांनी उत्तर लिहिलं. घरपट्टी भरल्याचं रेकॉर्डवरून दिसतं, ते मान्य. परंतु कर आकारणी झाल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही, परवानगीचा कागद वादीने दाखवलेला नाही. झालं. दोन ओळी. मग तिसऱ्या परिच्छेदावर, नोटीस मिळालीच नाही असं वादी म्हणतो, तर नोटीस कुणी बजावली, कधी, सही कुणाची, सही नाही घेतली तर चिकटवली का, चिकटवली तर फोटो आहे का, पंच कोण. नोटीस नगररचना अधिनियमाच्या ५३ खाली आहे की महापालिका अधिनियमाच्या २६० खाली आहे, का दोन्हीची खिचडी आहे, कारण दोन्हीची रीत वेगळी. आणि सगळ्यात आधी, दावा लावायच्या अगोदर वादीने महापालिकेला कलम ४८७ ची लेखी नोटीस देऊन महिनाभर वाट बघितली का, ते बारनिशीत, म्हणजे टपाल घेतात त्या शाखेत, जाऊन आवक रजिस्टर उघडून बघायचं, कुणाला फोन करून विचारायचं नाही. आमच्या सिनियरकडे मी चार वर्षांत असं एकदाही कुणाकडून ऐकलं नव्हतं, कारण आम्ही नेहमी दुकानदाराच्या बाजूने असायचो. त्या दिवशी क्लास सुटल्यावर मी सीबीएसला सिटीलिंक बसची वाट बघत उभी होते आणि बॅगेतून तोच कागद काढून परत परिच्छेद पाच वाचत होते.

पुढच्या शनिवारी तारखा. काकांच्या खिशातली ती पेन्सिल तारखांसाठी. फाईलच्या पुठ्ठ्याच्या आत वरच्या कोपऱ्यात पुढची तारीख पेन्सिलने, मागची खोडायची नाही, फक्त एक रेघ. कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० पर्यंत. कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा कोर्टात अर्ज, टाकलं की ते ९० दिवसच जिवंत, एक्क्याण्णवाव्या दिवशी समोरचा मनाई घेऊन गेला तर रडायचं नाही, म्हणून पंच्याऐंशीव्या दिवसावर खूण. जमिनीच्या आरक्षणाची खरेदी सूचना आली, नगररचना अधिनियमाचं कलम १२७, विकास आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाल्यावर जमीनमालक देतो ती, तर तिथून २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षणच जातं, म्हणजे बाग नाहीतर शाळा व्हायची ती जागा हातची गेली. काका म्हणाले, ती नोटीस दिसायला बाकीच्या टपालासारखीच असते, तिला काही शिंगं नसतात, म्हणून टपाल रोज स्वतः बघायचं. आता सिंहस्थ जवळ आलाय, तपोवनापासून रिंग रोडपर्यंत जमिनींचे विषय किती पेटलेत ते आपण बघतोच, अशा टेबलावर कोण बसलंय याला किती महत्त्व आहे विचार करा.

एक गोष्ट मात्र काकांबद्दल पण सांगायला पाहिजे, नुसतं कौतुक नको. त्यांना कॉम्प्युटरचं वावडं. ई-कोर्ट्सच्या साईटवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की रोजनामा, पुढची तारीख, आदेश सगळं दिसतं, ते त्यांनी एकदाही दाखवलं नाही, उलट साईटवर विश्वास ठेवू नका म्हणायचे. आज मी रोज सकाळी चहा घेताना सगळ्या केसेस मोबाईलवर बघून घेते. पण गंमत अशी की एकदा साईटवर तारीख अपडेट झालीच नव्हती आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने होती, त्यामुळे मी आता दोन्ही करते.

नोकरीचं काय झालं. क्लासनंतर मी चार ठिकाणी फॉर्म भरले, दोन परीक्षा दिल्या, एका ठिकाणी थोडक्यात गेलं. पर्मनंट अजून नाही, हे स्पष्ट सांगते म्हणजे उगाच कुणी हवेत जायला नको. सध्या एका स्थानिक स्वराज्य संस्थेत कंत्राटी विधी सहाय्यक आहे, अकरा महिन्यांचं कंत्राट, हातात बावीस हजार, कंत्राटी असल्यामुळे दर वर्षी पोटात गोळा येतो. इंटरव्ह्यूला साहेबांनी एकच खरा प्रश्न विचारला, खात्याने पॅरावाइज वेळेत दिला नाही तर काय कराल. मी म्हटलं, स्मरणपत्र एक, दोन, मग जाऊन शेजारी बसेन. साहेब हसले. क्लासच्या नोट्समधलं एक अक्षर त्या इंटरव्ह्यूला लागलं नाही.

काम कसं आहे विचाराल तर मला आवडतं, आणि हे मी पगाराची स्लिप न दाखवता सांगतेय. घरी सहाला पोचते. कोर्टात अजूनही जाते, पण आता पासओव्हर मागायला नाही तर वकीलसाहेबांच्या हातात वेळेवर कागद द्यायला. मागे एक निकाल आमच्या विरुद्ध गेला, मी त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाकला, कारण काकांनी डोक्यात बसवलेलं, निकाल लागला की आधी नक्कल मग जेवण. खात्याला अपील करायचं की नाही हे ठरवायला सव्वीस दिवस लागले! जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. नक्कल मिळायला जेवढे दिवस गेले ते मुदतीतून वगळतात, अर्ज आधीच पडलेला होता म्हणून ते दिवस आमच्या पदरात पडले आणि अपील वेळेत गेलं. खात्यातले साहेब म्हणाले नशीब चांगलं. मी काही बोलले नाही, टिपणीवर नकलेच्या अर्जाची तारीख ठळक लिहून ठेवली.

आणि एक राष्ट्रीय लोकअदालतीचा दिवस. घरपट्टी पाणीपट्टीची दाखलपूर्व प्रकरणं असतात ना, आम्ही टेबल टाकून गठ्ठे घेऊन बसलेलो. एक आजी आल्या, नऊवारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत दहा-बारा वर्षांच्या पावत्या, वास येत होता पावत्यांना डांबरगोळीचा. एकाच घरावर पाण्याची दोन बिलं, जुनं कनेक्शन बंद केलं तरी त्याचं बिल चालूच, थकबाकी व्याजासकट बरीच झालेली. घाबरलेल्या होत्या, समन्स म्हणजे जेल असं कुणीतरी सांगितलेलं. त्यांच्या पावत्यांत कनेक्शन बंद केल्याचा अर्ज सापडला, आवक शिक्क्यासकट. मी बारनिशीला फोन केला नाही, स्वतः गेले, रजिस्टर काढलं, नोंद होती. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी बघितलं, जुनं बिल वजा झालं, उरलेलं आजींनी तिथेच भरलं, मोजून, नोटा सरळ करून. जाताना म्हणाल्या, बाई तू वकील का? मी म्हटलं नाही आजी, कारकून. चांगलं वाटलं म्हणायला, का ते मला सांगता येणार नाही.

वाईट बाजू पण आहे. खात्यांत फाईल सापडत नाही हा रोजचा डोक्याला शॉट. माहिती अधिकाराचे अर्ज पण बऱ्याचदा आमच्याच टेबलावर सल्ल्याला येतात, ३० दिवसांचं घड्याळ तिथे पण. पुढारी लोकांचे फोन येतात, अमुक नोटीस जरा थांबवा. नोटीस थांबवणं आपल्या हातात नसतं असं मऊ आवाजात सांगायला शिकावं लागतं. मुंबई हायकोर्टात प्रकरण असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दिवसभर कोर्टाच्या बोर्डाकडे डोळे, आणि पुकारा न होताच परत. या सगळ्याला क्लास लावून काही उपयोग नाही, ते करून करूनच येतं.

तर क्लास लावावा का. तुम्ही एलएलबी असाल आणि व्याकरण-बुद्धिमत्ता कच्चं असेल तर कुठलाही सरळसेवेचा साधा क्लास निम्म्या फीत मिळतो, तो लावा, आणि महापालिका अधिनियम १९४९, नगररचना अधिनियम १९६६, नाहीतर जिल्हा परिषदेसाठी १९६१ चा अधिनियम, हे मूळ पुस्तकं घेऊन वाचा, नोट्स नकोत. वाचायला जागा नसेल तर आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. पदवीधर असाल पण वकील नसाल तर टायपिंग आधी, क्लास नंतर. आणि या क्लासलाच जायचं मनात असेल तर त्यांना फोन करून फक्त एवढंच विचारा की शनिवारी कोण येतं. मी मागच्या महिन्यात नणंदेच्या मुलासाठी फोन केला होता, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, शनिवारी आता टेस्ट सिरीज असते मॅडम. काकांना मग सरळ घरीच फोन लावला. म्हणाले, त्याला पाठव रविवारी सकाळी, फी काही नाही, येताना एक नाडीवाली फाईल आणि पेन्सिल घेऊन ये म्हणावं.